दोन रकान्यांची यादी

छापलेल्या कागदावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दहा शंका काढणारा माणूस तोच मजकूर छापून समोर ठेवला की गप्प बसतो. मी आयुष्यभर कागद छापले, म्हणून सांगतो, इतका विश्वास ठेवू नका. छापणाऱ्यावर तर मुळीच ठेवू नका.

माझा स्वभाव मुळात संशयी. बायको म्हणते, भाजीवाल्याने जुडी उजव्या हाताने दिली तर हे त्याच्या डाव्या हातात काय आहे ते बघतात. खोटं नाही ते. पोस्टमन हसला तरी मला वाटतं, पत्र उघडून वाचलं असणार. हा स्वभाव धंद्यात पुष्कळ उपयोगी पडला आणि एकदा त्यानेच एका सरळ माणसाची अब्रू घालवली. अब्रू त्याची गेली, मी मात्र दुकान बंद करून आज आटगावला घराच्या ओट्यावर बसून हे निवांत लिहितो आहे. संपादकांनी गमतीदार आठवणी मागितल्या होत्या. त्यांनी माफ करावं.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण माझ्या जावयालाही तो अजून कळलेला नाही. मी मुंबईत एका कंपनीच्या संगणक विभागात छपाई बघायचो आणि ती नोकरी सुटल्यावर शहापूरला स्टँडजवळ गाळा घेतला. माझ्याकडे लग्नपत्रिका नाहीत, रंगीत बॅनर नाहीत. माझं काम याद्यांचं. सोसायट्यांचे सभासद, पाणीपट्टीवाले, शाळांचे निकाल, असलं शेकड्यांनी, हजारांनी नावं असलेलं काम. तुम्ही पडद्यावर चित्रावर टिचकी मारता तसं मी कधी केलं नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, तिथे हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. यंत्र उलट प्रश्न विचारत नाही. ते मला फार आवडायचं.

संगणकातली साधी फाइल म्हणजे न कापलेला कापडाचा तागा. तिला पान नसतं. ओळीखाली ओळ, नुसती लांबच लांब. तिची पानं पाडायला पीआर नावाचा एक जुना हुकूम आहे. तो छापत नाही, फक्त बेतून देतो. एका पानाला सहासष्ट ओळी धरायच्या, वरच्या पाचांत तारीख, मथळा आणि पान क्रमांक, खालच्या पाच कोऱ्या, मधल्या छप्पन्न मजकुराच्या. हव्या तर ओळी कमी करा, समास वाढवा, मजकूर दोन रकान्यांत लावा. त्यानं बेतलेलं छपाईच्या रांगेत सोडलं की माझा चहा होईपर्यंत गठ्ठा तयार. समोर तीन गिऱ्हाइकं बसलेली असायची आणि मी एक ओळ टाइप करून त्यांच्याकडे असा बघायचो, की जणू मीच ती पानं मनात मोजून काढली.

गिऱ्हाइकं माझ्याहून संशयी. मुरबाडकडचे एक भजनीबुवा मंडळाची वही छापायला आले. पान उलटताना अभंग मधेच तुटता कामा नये, अशी अट. मी प्रत्येक अभंगानंतर पान बदलायची खूण घातली. बुवा गाळ्यात खाली बसकण मारून सगळी वही गाऊन गेले, चालीत, टाळ्या वाजवत. बाहेर एसटीची वाट बघणारे दोघे-तिघे येऊन बसले आणि मागून ध्रुपद धरूही लागले. शेवटी बुवांनी एक चरण कमी असल्याचं पकडलं. तो त्यांच्याच मूळ वहीत नव्हता, पण ते मान्य करायला त्यांना दुसऱ्या दिवशी यावं लागलं. दुसरा एक गृहस्थ कोर्टाचे कागद छापून घ्यायचा आणि प्रत्येक पानावर 'सातपैकी तिसरं', 'सातपैकी चौथं' असं घालायला लावायचा. विरुद्ध बाजू मधलं पान खाते, असं त्याचं म्हणणं. मला तो माणूस अगदी शहाणा वाटायचा.

आता त्या यादीकडे येतो. किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना वाटेत एक गाव आहे, त्याचं नाव घालत नाही. तिथे भाताची गिरणी चालवणारी एक सहकारी सोसायटी. सभासद गावठाणातले आणि आजूबाजूच्या पाड्यांतले, त्यात उंबरवाडी मोठी. सोसायटीचे सचिव पांडुरंग निमसे. राहायला वैशाखऱ्याजवळ, मोटरसायकलवरून येऊन-जाऊन काम करायचे. नोकरीला लागून दीडच वर्ष झालेलं, त्यामुळे सभासदांतली निम्मी तोंडं त्यांना ओळखीची नव्हती. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. खिशात दोन पेनं, निळं आणि लाल, आणि लाल पेनाला नेहमी टोपण.

निवडणूक लागली होती. सभासदांची कच्ची यादी गिरणीच्या फळ्यावर लावायची, हरकती घ्यायच्या, मग पक्की यादी छापायची. निमसे पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन आले. यादी मुरबाडच्या एका दुकानात टाइप केलेली, सगळी मराठीत. क्रमांक, नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव आणि शेवटी पाडा. फळा लहान आहे, पानं कमी होतील का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन रकाने करतो, निम्म्या कागदात बसवतो. हे मी सुचवलं, त्यांनी नाही. हे इथे लिहून ठेवणं भाग आहे.

दोन रकान्यांत मी हजार याद्या छापल्या होत्या, पण त्या इंग्रजी अक्षरांतल्या. मराठी याद्या आजवर एका रकान्यातच काढलेल्या. ओळीची रुंदी एकशे बत्तीस घरं ठेवली, एका इंग्रजी अक्षराला एक घर. मुंबईच्या मोठ्या प्रिंटरवर तीच असायची, बोटांना सवय. पानं आली तेव्हा उजवा रकाना मागेपुढे झाला होता, एक ओळ आत, एक बाहेर. काही ओळींच्या टोकाला बारके चौकोन उमटले होते, यंत्राला न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी येतात तसले. मी आणखी एक हुकूम जोडून ते चौकोन पुसून टाकले. पान स्वच्छ दिसायला लागलं.

निमसेंनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "काका, ही टोकं अशी कुरतडल्यावानी का दिसतात?"

मी म्हटलं, मराठी अक्षरं जाडबारीक असतात, असंच येतं. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यांनी विश्वास ठेवला असावा.

पुढचं काम त्यांचं. एका सभासदाला एकच मत, म्हणून यादीत दोनदा आलेली नावं शोधायची आणि मागची कापायची. निमसेंनी ते दोन दिवस गिरणीत बसून छापील यादीवरच केलं. पडद्यावर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नसे. लाल पेनाने दहा-बारा नावं कापली. त्यात एक होतं मंदा ज्ञानेश्वर घरत.

मंदा ज्ञानेश्वर घरत नावाच्या बायका त्या यादीत दोन होत्या. एक गावठाणातली, एक उंबरवाडीची. एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत, नवऱ्यांची नावं योगायोगाने तीच. उंबरवाडीच्या मंदाताई बचत गट चालवायच्या, बोलायला खणखणीत, आणि महिलांच्या राखीव जागेसाठी चेअरमनच्या भावजयीविरुद्ध उभ्या राहणार होत्या. सगळ्या तालुक्याला ते माहीत होतं. आणि फळ्यावर त्यांच्याच नावावर लाल रेघ.

यादी लागली त्या दिवशी गिरणीच्या आवारात तीसेक माणसं जमली होती. मला फोन करून बोलावलं, मी स्कूटरवरून गेलो. मंदाताई फळ्यापुढे उभ्या होत्या.

"मी जित्ती हाय ना?" त्या बोलल्या. "मंग माज्या नावावर रेघ कोणी मारली? चेअरमननं सांगितलं का या सचिवाला?"

निमसे म्हणाले, यादीत एकच नाव दोनदा होतं, पाडा लिहिलेला नव्हता, म्हणून नियमाने कापलं. त्यांनी कागद दाखवला. खरंच, दोन्ही मंदांपुढे पाडा नव्हता. काही नावांपुढे होता, काहींपुढे अर्धाच होता, काहींपुढे कोरं. लोक म्हणाले, बघा, गावठाणवाल्यांचे पाडे जिथल्या तिथे आहेत आणि उंबरवाडीचे गेले. ते मोजून बघितलं तर साधारण तसंच निघालं. मग सगळे माझ्याकडे वळले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या मशीननं खाल्ला का रे बाबा पाडा?"

माझ्यातला संशयी माणूस तोवर पुरता जागा झाला होता. चेअरमन, त्याची भावजय, दीड वर्षापूर्वी बाहेरून आणलेला सचिव, लाल पेन. सगळं कसं चपखल बसत होतं. शिवाय इतकी वर्षं ज्याच्या जिवावर पोट भरलं त्या यंत्रावर कोणी बोट दाखवलेलं मला सोसवत नाही. मी निमसेंकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मशीन नाव कापत नाही. जे देतात ते छापते. नाव कापतो तो माणूस."

निमसेंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फाइल नीट तपासली ना काका, एवढंच म्हणाले आणि यादी घडी करायला लागले. मी हो म्हटलं. तपासली नव्हती.

माझं ते वाक्य त्या दिवशी माझ्याआधी किन्हवलीला पोचलं. चहाच्या टपरीवर एकाने मलाच ते ऐकवलं, कोणा शहापूरच्या मोठ्या इंजिनीयरचं म्हणून. मी ते नाकारलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

घरी आलो आणि दोन दिवसांनी संशय नेहमीप्रमाणे घरच्या दाराशी आला. कारण असं, की मला कट उलगडायचा होता. निमसेंनी मुद्दाम पाडे पुसले असतील तर कोणाकोणाचे पुसले, याची यादी करून मंदाताईंना द्यायची, म्हणजे हरकतीच्या वेळी कामाला येईल. फाइल माझ्याकडे होतीच. पडद्यावर उघडली तर सगळे पाडे शाबूत. मंदा ज्ञानेश्वर घरत, उंबरवाडी. पहिल्याने वाटलं, निमसेंनी फाइल नंतर बदलली असणार. पण फाइल माझ्या संगणकावर होती, तिला हात लावणारा मीच. मग छापील यादी शेजारी ठेवून एकेक नाव लावत गेलो. राम बाळू हरड, गावठाण, वाचलेला. ज्ञानेश्वर, चंद्रकांत, लक्ष्मण अशी नावं लागलेल्या सगळ्यांचा पाडा गेलेला, मग ते उंबरवाडीचे असोत की गावठाणातले. आखूड नावाचे तरले, लांब नावाचे कापले गेले होते. उंबरवाडी हा शब्द गावठाणापेक्षा लांब, म्हणून त्यांना मार जास्त. चेअरमन कितीही पोचलेला असला तरी तो वैरी अक्षरं मोजून निवडत नाही.

पीआर एका रकान्यात छापताना लांब ओळीला हात लावत नाही. दोन रकाने म्हटलं की रुंदी निम्मी होते आणि त्यापलीकडचं तो कापून टाकतो. सांगत नाही, विचारत नाही, कुरकुरत नाही. इंग्रजी नावं तेवढ्यात बसायची. मराठी मात्र त्याला वाचता येत नाही. एका अक्षराला तो तीन घरं मोजतो, काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातली पाय मोडायची खूण यांनाही प्रत्येकी तीन. नुसत्या ज्ञानेश्वराची तीस घरं होतात. त्या दोघींच्या आडनावाशीच रकाना भरला. मधोमध चिरलेल्या अक्षरांचे ते चौकोन होते, आणि ते मी माझ्या हाताने पुसले होते. निमसेंना जे कुरतडलेलं दिसलं ते खरोखरच कुरतडलेलं होतं.

 खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. मंदाताई हरकत घेणार, नाव परत लागणार, माझा हुकूम कोणाला कळतो आहे. बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, मग त्या निमशांचं काय?

दुसऱ्या दिवशी तालुक्याला निवडणूक अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती. मी लेखी दिलं, चूक माझ्या छपाईची, सचिवांचा दोष नाही. लॅपटॉपवर करून दाखवलं. अधिकारी तरुण होते, लगेच समजले. मंदाताईंचं नाव यादीत परत आलं, त्या उभ्या राहिल्या आणि पुढे निवडूनही आल्या. त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं.

निमसेंपुरतं नाही. सुनावणीनंतर मी पुन्हा गिरणीच्या आवारात गेलो. तीच माणसं, तोच फळा. मी एकरकानी यादी आणि दोनरकानी यादी शेजारी लावून समजावलं. तीन घरं, तीस घरं, सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग तोच म्हातारा बोलला.

"परवा तुमी बोललाव, मशीन कापत नाय. आज बोलता, कापते. मधी काय झाला?"

मागून कोणीतरी म्हणालं, चेअरमननं गाठलेला दिसतोय. लोक हसले. मी शपथ घेतली, तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली. मला राग आला नाही, कारण मी त्या गर्दीत असतो तर तेच म्हणालो असतो. खोटं मी छातीठोक सांगितलं होतं आणि खरं सांगताना चाचरत होतो. माणसं ज्याच्या आवाजात चाचरणं असतं त्याला खोटा धरतात.

मंदाताईंना मी घरी जाऊन वेगळं दाखवलं. त्यांना पटलं. पण मग म्हणाल्या, म्हशाच्या जत्रेत निमसेंची बायको भेटली होती, मी तिला नाय नाय ते बोलले, चार बायकांसमोर.

निवडणूक झाली आणि निमसेंनी राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. शेवटी एका सकाळी दोन्ही याद्या पिशवीत घालून वैशाखऱ्याच्या रस्त्याला लागलो. घर शोधायला त्रास पडला नाही. निमसे अंगणात मोटरसायकलची चेन साफ करत होते. मी उभ्यानेच माफी मागितली. पाठ करून आलो होतो तेवढं सगळं सांगितलं. ते फडक्याला हात पुसत ऐकत होते.

"मला ठाव होता, मी काय केलेलं नाय," ते म्हणाले. "पण खरा सांगू काका? मधी मधी मलाच वाटाया लागला, आपणच काय चुकून पुसला का काय. तुमी एवढा ठाम बोललेलाव."

मी काय करू ते सांगा, म्हटलं. पेपरात देतो, पुन्हा गिरणीत येतो. त्यांनी मान हलवली. गावाचं सोडा, म्हणाले. मग घराच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हिला सांगा. जत्रेतून आली तवापासून तिनं मला एका शब्दानं इचारलं नाय. इचारलं असता तर सांगितला असता. ती इचारतच नाय. मी समोर नको, तुमीच सांगा."

ते चेन तशीच टाकून परसात गेले. मी आत गेलो. वहिनींनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जत्रेतलं ऐकल्यापासून त्यांनाही दाखवायचं मनात होतं, म्हणून मंदाताईंकडून नाव विचारून त्यांच्याच नावाची एक ओळ मी दोन्ही तऱ्हांनी छापून आणली होती. एकीत लक्ष्मीबाई पांडुरंग निमसे आणि पुढे गावाचं नाव. दुसरीत आडनावाचं शेपूट तुटलेलं, गाव नव्हतंच. मी बोट ठेवून दाखवलं, हे यंत्राने केलं, ते यंत्र मी चालवलं, निमसेभाऊंनी फक्त कागदावर जे दिसलं त्याप्रमाणे रेघ मारली. चूक माझी, शंभर टक्के माझी. इतक्या सोप्या शब्दांत मी ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी दोन्ही कागद हातात घेऊन नीट वाचले. परसातून बादली ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे एकदा बघितलं, कागदांची घडी घातली आणि हळूच विचारलं, "यांनीच सांगून धाडलाय ना तुमाला?"

मी नाही म्हणालो. आणि ते म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला.